हायरमची नऊ तोंडं

वेंडेल नॉर्क्विस्ट रस्त्यात भेटला असता तर तुम्ही त्याला विमा एजंट समजला असता. उंच, खांदे जरा पडलेले, केस दोन्ही कानांवरून चापून बसवलेले, आणि भर उन्हाळ्यातही अंगात करडा कोट. बरबँकसारख्या गावात, जिथे दूधवालासुद्धा सिनेमातल्या हिरोसारखा चालतो, तिथे हा माणूस खाली मान घालून चालायचा. बेकरीत गेला तर बोट दाखवून पाव घ्यायचा. कारण तोंड उघडलं आणि चुकून जरी हायरमचा सूर लागला, की अख्खं दुकान त्याच्याभोवती गोळा व्हायचं. तो गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. त्यातल्या तीन साळिंदराबद्दल होत्या.

हायरम म्हणजे आमच्या कार्टूनमधलं साळिंदर. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तो टीव्हीवर यायचा आणि पोरं ताटं घेऊन त्याच्यासमोर बसायची. गळ्यात लाल रुमाल आणि पाठीवर मोजून सात काटे. खऱ्या साळिंदराला हजारो असतात हे आम्हालाही ठाऊक होतं, पण ते रंगवत कोण बसणार? रुमालसुद्धा शोभेचा नव्हता. रुमालाच्या वर डोकं, खाली धड. धड एकदाच काढायचं, तेच महिनोन्‌महिने वापरायचं आणि वर नुसतं तोंड हलवायचं. सिनेमाच्या मोठमोठ्या स्टुडिओतून आमच्याकडे आलेले चित्रकार ह्या प्रकाराला नाकं मुरडायचे. पण आठवड्याला एक गोष्ट द्यायची, तर दुसरा इलाज नव्हता.

मी चित्रकार नव्हे. मी आवाज वाचायचे. म्हणजे असं, की आमच्याकडे आधी बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि चित्रं नंतर निघायची. त्या आवाजाची फीत माझ्या यंत्रावर चढायची. मी ती हाताने पुढे ओढायची, मागे ओढायची, पुन्हा पुढे. एका सेकंदाच्या चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत हायरमचं तोंड कसं हवं ते एका लांबलचक तक्त्यावर लिहायचं. तोंडं होती नऊ. एक मिटलेलं, एक ‘आ’चं, एक ‘ओ’चं, एक दात दिसणारं, एक जीभ दिसणारं, अशी. जगातलं सगळं बोलणं त्या नऊ तोंडांत बसवायचं, हे माझं काम. सतरा वर्षं केलं. माझं लग्न झालं नाही ते काही ह्यामुळे नाही; पण समोरचा बोलायला लागला की मी त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघते, ही सवय पुरुषांना आवडत नाही, एवढं मला कळलेलं आहे.

सत्तावन्न सालच्या पानगळीत आम्ही हायरमसाठी आवाज शोधत होतो. आमचा दिग्दर्शक मॉर्ट गेलर. जाडा, घाईचा माणूस, सिगार कायम तोंडात आणि कायम विझलेला. बारा जण येऊन गेले. कुणी नाकातून बोललं, कुणी किंचाळलं, एकाने तर जमिनीवर लोळून दाखवलं. मॉर्ट कपाळाला हात लावून बसला होता. तेरावा वेंडेल आला. नेब्रास्कात तो शेतकऱ्यांच्या रेडिओवर डुकरांचे भाव आणि हवामान वाचायचा. इकडे येऊन साबणाच्या जाहिराती वाचत होता. माइकसमोर उभा राहिला, कोटाचं बटण लावलं, म्हणाला, “माझ्या पद्धतीने बोललो तर चालेल?”

“बाबा रे, कुणाच्याही पद्धतीने बोल, पण बोल,” मॉर्ट म्हणाला.

आणि तो बोलला. जड आवाज, संथ, घाई म्हणून कशाची नाही. गोष्टीतल्या कोल्ह्याचं नाव डेक्स्टर. ते नाव आलं की तो थांबायचा. छोटासा श्वास आत घ्यायचा आणि मग नाव घ्यायचा. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी माणूस टोपी काढतो ना, तसं. “काय म्हणतोस... डेक्स्टर?” एवढंच. आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता मला कसंतरीच झालं. मॉर्टने सिगार तोंडातून काढला. तो सिगार तोंडातून काढायचा म्हणजे मोठीच गोष्ट होती.

“कुठून आणलास रे हा आवाज?”

“घरचाच आहे,” वेंडेल म्हणाला.

घरचा म्हणजे कुणाचा, ते मला पुढे कॅन्टीनमध्ये टूना सँडविच खाताना कळलं. आवाज त्याच्या थोरल्या भावाचा होता, आर्विडचा. आर्विड लहानपणापासून संथ. शाळेत पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि सगळ्यात चांगली नक्कल वेंडेलची व्हायची. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं. गावाचं नाव वेल्बी. चार रस्ते, एक चर्च आणि धान्याचं एक उंच कोठार. बावीस वर्षांचा आर्विड त्या कोठारात मका सारायला उतरला आणि मक्याने त्याला आत ओढून घेतलं. वर काढायला तासभर लागला, तोवर तो गेला होता. छत्तीस सालची गोष्ट. घरात त्याचा एक फोटो होता, चर्चमध्ये काढलेला. आवाज मात्र कुठेच नव्हता. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा आवाज कोण साठवून ठेवणार?

“आई म्हणायची,” वेंडेल म्हणाला, “आर्विडने हाक मारली की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. नाव घ्यायच्या आधी थांबायचा ना, ते.”

माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. मी म्हटलं, “छान! आणि तू त्याला सगळ्या देशाला हसवायला बाहेर काढलंस.”

तो रागावला नाही. सँडविचच्या कडा तोडत बसला. मग म्हणाला, “लोक त्याला हसायचेच, इर्मा. आता निदान माया करून हसतील.”

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्याच्या बाजूची झाले, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पुढे मी जे केलं ते पाहता तसं म्हणायला मला फारशी जागा नाही.

पहिली सहा मिनिटांची गोष्ट आम्ही नमुना म्हणून केली. कॉर्नफ्लेक्सच्या एका कंपनीला दाखवायला. ते पैसे घालणार तर कार्यक्रम होणार. वेंडेलची फीत माझ्या यंत्रावर आली. सगळं नीट बसत होतं, पण प्रत्येक नावाच्या आधी मी अडत होते. वीस-बावीस चौकटींचा थांबा, आणि त्यातल्या अकरा चौकटींत तो श्वास. श्वासाला तोंड कुठलं द्यायचं? मिटलेलं दिलं तर खोटं दिसायचं, उघडं दिलं तर जांभई दिल्यासारखं. मी आमच्या मुख्य चित्रकाराकडे, गसकडे गेले. म्हटलं, मला एक दहावं तोंड काढून दे, ओठ जरासे विलग, आत श्वास घेणारं.

“नऊ म्हणजे नऊ,” गस म्हणाला. “दहावं पाहिजे असेल तर तुझंच काढून देतो. दिवसभर उघडंच असतं.”

मी त्या अकरा चौकटींत फुल्या मारल्या आणि तक्ता पुढे पाठवला. फुली म्हणजे आमच्यात, ‘इथे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.’ त्यांनी काहीच केलं नाही. कंपनीचे तीन साहेब नमुना बघायला बसले, तेव्हा प्रत्येक नावाच्या आधी हायरम दगडासारखा थिजायचा आणि कुठून तरी श्वास ऐकू यायचा. एका साहेबाने विचारलं, “जनावर आजारी आहे का?”

मॉर्ट माझ्या खोलीत आला. “तुझं आणि त्याचं जमतं ना? तूच सांग त्याला.”

मी सांगितलं. हे मी कुणावर ढकलत नाही. वेंडेलला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “श्वास तेवढा गाळ. माझ्याकडे त्याला तोंड नाही.”

त्याने तक्त्यावरच्या फुल्यांवर बोट ठेवलं. “श्वास गाळला तर मग...”

“अर्ध्या सेकंदाची गोष्ट आहे, वेंडेल. कुणाला कळणार आहे?”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. तो असाच होता. रेडिओवर वाढलेला माणूस, सांगितलेली वेळ पाळणारा. त्याने श्वास गाळला. मग थांबा नुसताच लोंबकळायला लागला, म्हणून मॉर्टने तो निम्मा केला आणि नंतर त्याच्याही निम्मा. मग कंपनीचं पत्र आलं, की जनावर जरा उदास वाटतं. म्हणून वाक्याच्या शेवटी एक हसू आलं, ह्-ह्-ह्, असं. मग सूर थोडा चढवला, मुलांना वर चढलेला सूर आवडतो म्हणून. हे सगळं दोन महिन्यांत, एकेक करून, हसतखेळत. कुणी काही मोठं केलं नाही. पहिला भाग टीव्हीवर गेला तेव्हा आम्ही सगळे मॉर्टच्या घरी जमलो होतो. मॉर्टच्या बायकोने मटणाचा रस्सा केला होता आणि हायरम बोलला की सगळे टाळ्या वाजवत होते. वेंडेलही वाजवत होता. त्याच्या दृष्टीने तो आर्विडच होता. रोज आरशात बघणाऱ्याला आपले केस पांढरे होताना कुठे दिसतात!

त्याच आठवड्यात त्याने आईला पत्र घातलं, ‘आर्विड टीव्हीवर बोलतोय.’

त्याची आई, हुल्डाबाई, वेल्बीत एकटीच राहायची. वेल्बीला तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. मनोरा लांब होता. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिने मोठमोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत उत्तर पाठवलं, ‘मी वाट बघते.’ ते पत्र वेंडेलने मला दाखवलं होतं. तीन शब्दांनी अख्खा कागद भरला होता.

दर रविवारी चर्च सुटलं की तो तिला फोन करायचा. ती विचारायची, “ह्या आठवड्यात आर्विड काय म्हणाला?” तो तिला गोष्ट सांगायचा, पण स्वतःच्या आवाजात. मी एकदा विचारलं, अरे, फोनवरच ऐकव ना तिला. तो म्हणाला, तिच्या फोनच्या तारेवर आठ घरं आहेत. एकाचा फोन वाजला की आठही जणी कानाला लावून बसतात, आणि शेजारची टेक्ला ऑल्सन तर श्वासही लपवत नाही. शिवाय म्हातारीनेच बजावलं होतं, “असा तुकड्यातुकड्यांनी नको मला तो. येईल तेव्हा पुरता ऐकेन.” पुढे तिची दृष्टी गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी ती म्हणायची, ऐकायला डोळे कशाला लागतात?

असं करत साडेतीन वर्षं गेली.

एकसष्टच्या ऑक्टोबरात वेल्बीजवळ नवा मनोरा उभा राहिला. वेंडेलने आईला टीव्ही पाठवला. तो आठवडाभर माणसांत नव्हता. गुरुवारी तर त्याने एकच वाक्य अकरा वेळा चुकवलं, आणि मॉर्टने त्याला घरी पाठवून दिलं. शुक्रवारी सकाळी तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. कोटाची बटणं वरखाली लागली होती.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“ऐकलं म्हणाली. टेक्ला आली होती, तिचा नवरा आला होता, कॉफी झाली. साळिंदर फार गमतीदार आहे म्हणाली. टेक्लाची हसून हसून बरगडी दुखली.”

“मग? चांगलं झालं की!”

“मग मला म्हणाली,” त्याने भिंतीकडे बघत सांगितलं, “कार्यक्रम छान आहे रे. पण आर्विडची पाळी कधी येते? पुढच्या आठवड्यात का?”

मला बोलायला तोंडच नव्हतं.

त्या दिवसापासून वेंडेलला एकच ध्यास लागला, की आईला एकदा आर्विड ऐकवायचा. ती ऐंशीला टेकली होती, हिवाळा तोंडावर होता. तो मला म्हणाला, नमुन्याची फीत असेलच ना! ती पाठवू, तिथल्या रेडिओवाल्याला सांगून तिला ऐकवू. आम्ही दोघं खाली लाइलकडे गेलो. लाइल आमचा साउंडवाला. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याने वही काढली, बोटाने ओळी शोधल्या.

“पुसली,” तो म्हणाला. “अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये. वरून दुसरं रेकॉर्ड केलं.”

फिती पुसून पुन्हा वापरायची आमची रीतच होती. पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलेली चित्रंसुद्धा धुऊन ते प्लॅस्टिक पुन्हा वापरायचो. शनिवारी आमच्या पोरी हौदात हायरमला साबण लावायच्या. पण नमुन्याची एक फिल्मही छापली होती, तिच्या कडेला आवाजाचीही पट्टी होती. वेंडेलने विचारलं, ती कुठे आहे?

लाइलने पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. “ती भरतीला गेली रे.”

वेंडेलला कळलं नाही. मला कळलं, आणि मी त्याचा हात धरला. दोन संवादांच्या मध्ये जिथे शांतता हवी असते, तिथे आम्ही जुन्या, बाद फिल्मचे तुकडे उलटे करून जोडतो, म्हणजे लांबी भरते आणि ऐकू काहीच येत नाही. आर्विडचे तुकडे करून आम्ही साडेतीन वर्षं शांतता भरत होतो. लाइल वाईट माणूस नाही. त्याला आम्ही का विचारतोय ते समजलं, तेव्हा तो दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबे उपसत बसला. त्याला वीतभर तुकडा सापडला. यंत्रावर लावला तर त्यात कोल्हा बोलत होता.

उरला माझा तक्ता. मी तक्ते फेकत नाही. माझ्या कपाटात ते वर्षावार बांधलेले असतात आणि त्यावरून सगळे माझी टर उडवतात. नमुन्याचा तक्ता निघाला, पिवळा पडलेला. वेंडेलने तो दोन्ही हातांनी धरला. त्यात आर्विडच्या प्रत्येक शब्दाची लांबी होती. कुठे ओढलंय, कुठे सोडलंय, कुठे किती थांबलाय, सगळं.

“ह्याच्यावरून मी त्याला परत उभा करतो,” तो म्हणाला. “तू मोज.”

मग तीन आठवडे, रोज जेवणाच्या सुट्टीत, आम्ही माझ्या खोलीत बसलो. मी पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायचे, तो बोलायचा. आधी हसू काढलं. ते आठ दिवसांनी गेलं, तरी मध्येच उचकीसारखं यायचं. मग सूर खाली आणला. मग थांबा. चोवीसातल्या बावीस चौकटी थांबायचं म्हणजे काय, हे तो नव्याने शिकला. सगळं जमत आलं आणि आम्ही त्या श्वासापाशी आलो.

“नाकाने होता की तोंडाने?” त्याने मला विचारलं.

“तुझा भाऊ आहे, वेंडेल.”

“मला आठवत नाही,” तो म्हणाला. “आठवायला गेलो की हायरमच येतो. इर्मा, तू ऐकलं होतंस. नाकाने की तोंडाने?”

मी तो श्वास शंभर वेळा पुढेमागे ओढून ऐकला होता. आणि मला सांगता येईना. मी तक्त्यावर बघितलं. तिथे माझ्याच अक्षरात अकरा फुल्या होत्या. तोंडांचा सगळा हिशेब मी नीट लिहिला होता, आणि जिथे तो माणूस होता तेवढी जागा मी सोडून दिली होती. मी रडले. तो मला पाणी द्यायला उठला, हे तर अजूनच वाईट.

शेवटी त्याने तोंडाने घ्यायचं ठरवलं. पुष्कळ वेळा करून बघितलं. नोव्हेंबरात एका दुपारी तो म्हणाला, “आज फोन करू. मॉर्ट जेवायला गेलाय, त्याच्या खोलीत शांत असतं. तू बस माझ्याजवळ. ठोके दे.”

मॉर्टच्या टेबलावर आम्ही तक्ता पसरला. वेंडेलने कोट काढून खुर्चीला अडकवला. त्याला नुसत्या शर्टात मी पहिल्यांदाच बघत होते. दुपारचा फोन म्हणजे म्हातारी घाबरणार, म्हणून त्याने आधी “सगळं ठीक आहे, आई,” असं दोनदा सांगितलं. फोन त्याने कानापासून जरा लांब धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं. तारेवर खट्‌-खट्‌ झालं. कुणीतरी येऊन बसलं होतं.

“टेक्ला, फोन ठेव,” म्हातारी म्हणाली.

कुणी ठेवला नाही.

“आई,” वेंडेल म्हणाला, “मी आता आर्विडसारखं बोलतो. ऐकशील?”

पलीकडे खुर्ची सरकली. ती बसली असावी. “बोल,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. मी पेन्सिल उचलली. आणि तो बोलला, जड, संथ, कशाची घाई नाही. “लाकडं आणलीत, आई. बाकीची... वेंडेल आणतोय.” स्वतःचंच नाव त्याने भावाच्या तोंडून घेतलं. थांबा बरोबर बावीस. श्वास अकरा. मला तर वाटलं, जमलं.



“पुन्हा,” म्हातारी म्हणाली.

तो पुन्हा बोलला. अगदी तसाच. आणि तारेवर कुणीतरी खुदकन हसलं. टेक्ला ऑल्सन. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला राहवलं नाही इतकंच. “अगं बाई,” ती म्हणाली, “हायरम! हुल्डा, हायरम बोलतोय तुझ्याशी!”

वेंडेलचा चेहरा मी सांगत नाही. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. म्हातारी टेक्लावर ओरडेल असं मला वाटलं, पण ती ओरडली नाही. उलट हळूच म्हणाली, “टेक्ला, आता ठेव बाई. मला मुलाशी बोलायचंय.” ह्या वेळी खट्‌ असा आवाज झाला.

“वेंडेल.”

“हो, आई.”

“फार मेहनत घेतलीस तू. कळलं मला. पण पुन्हा नको करूस हं, बाळा.”

“नाही जमलं का गं? थोडंसंही नाही? मी अजून सराव करतो. श्वासाचं चुकतंय, मला माहितीये. तो नाकाने घ्यायचा का, आई? तेवढं सांग. तेवढंच सांग मला.”

“तेच तर सांगते,” ती म्हणाली. “मला नाही सांगता येत. तो गेल्यावरही पंचवीस वर्षं रोज सकाळी माझ्याशी बोलायचा, मी चूल पेटवताना. मला हाक मारायचा, तुझं नाव घ्यायचा. कधी चुकला नाही. त्या गुरुवारी मी तुझं साळिंदर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी उभी राहिले, तर ते साळिंदरच बोललं. रोज तेच बोलतंय. मी म्हटलं, असू दे, तुझ्याकडे तरी असेल तो. म्हणून ‘पुन्हा’ म्हटलं तुला.”

वेंडेलने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. माझ्या हातातली पेन्सिल तशीच वर राहिली होती.

“रडू नकोस,” म्हातारी म्हणाली. “तू मुद्दाम थोडंच केलंस. तिकडे थंडी पडली का?”

त्याला उत्तर द्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि कुठल्या आवाजात बोलावं हे त्याला कळेना, असं मला स्पष्ट दिसलं. ती पलीकडून ‘हॅलो, वेंडेल, हॅलो’ करत राहिली. शेवटी मीच फोन हातात घेतला आणि म्हातारीला सांगितलं, की इकडे अजून ऊन आहे.